आत्याचं ओसाड गाव

आत्याला माणसं आवडत नसत असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. आवडत. फक्त ती निघून गेली की जास्त आवडत. पाहुणे उठले, फाटकाची कडी वाजली, की त्यांचे कप उचलताना ती एकेकाबद्दल इतकं मायेने बोलायची, की वाटे, हेच पाच मिनिटं आधी बोलली असती तर बिचारे पुन्हा आले असते.

आत्या तशी आमची कोणीच नाही. मुलुंडला पूर्वेला आमची तीन मजली सोसायटी होती, तिच्या तळमजल्यावर ती एकटी राहायची. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, लग्न न केलेली. सोसायटीतल्या पोरांनी तिला आत्या म्हणायला सुरुवात केली, आणि पोरं मोठी झाली तरी नाव राहिलं. तिला जाऊन आता वर्ष होईल, आणि मी अजून तिच्याबद्दल बोलताना ‘आमची आत्या’ असंच म्हणते.

ती रहस्यकथा लिहायची. भयकथा म्हटलेलं तिला खपत नसे. एसटी स्टँडवर आणि वाचनालयांत खपणारी, पातळ कागदावरची पुस्तकं. मुखपृष्ठावर हमखास एक कवटी आणि केस मोकळे सोडलेली बाई. आत ना कवटी, ना बाई. याबद्दल विचारलं की म्हणायची, “ते छापणाऱ्याच्या मनातलं असतं गं. त्याला काय अडचण आहे, मी नाही विचारत.”

तिच्या रहस्यांत रक्त फार कमी सांडे. तिला रस असे तो माणूस नाहीसा होण्यात. आणि नाहीसं होण्यातही तलवारी, विष वगैरे बाजूलाच. माणूस गेला त्या दिवशी घरात भाजी कुठली होती, कडधान्य भिजत घातलं होतं का, वाळत घातलेले कपडे कोणी काढले, याचा छडा लावल्याशिवाय ती कुणालाही नाहीसं करायची नाही. “पोलिसांना आठवड्याने कळतं,” ती म्हणायची, “नातेवाइकांना दोन दिवसांनी. दूधवाल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी.” तिच्या निम्म्या पुस्तकांत गुन्हा उघडकीला आणतो तो दूधवालाच. आमचा खराखुरा दूधवाला त्यामुळे तिच्याकडे जरा ताठ मानेने जायचा.

या छड्यासाठी तिला आम्ही लागत असू. रविवारी दुपारी, जेवून जरा डोळा लागतोय तोच बेल.

“काय गं, घर घाईत सोडून जायचं असलं तर तव्यावरची पोळी तू काय करशील?”

“आत्या, झोपले होते.”

“उतरवशील की तशीच ठेवशील?”

“उतरवेन. गॅस बंद करेन.”

“हं. मग ते घाईत गेले नाहीत,” असं पुटपुटत ती खाली. मी दार उघडं ठेवून उभी. त्यानंतर झोप कुठली येणार! कोण घाईत गेले नाहीत, कुठून, कशाला, हे दिवसभर डोक्यात.

बाबांना तिचा राग यायचा. माझे बाबा मालवणकडचे. भुताखेतांची थट्टा त्यांना सहन होत नसे, आणि आत्या तर त्यांचा धंदा करते असं त्यांचं मत. ते तिला ‘भुतांची बाई’ म्हणत, तोंडावर नाही, पण जिन्यात ऐकू जाईल इतपत. आत्याला ऐकू जायचं. ती उलट खूश व्हायची. तिचं एकही पुस्तक बाबांनी उघडलं नव्हतं. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच, बाबा आणि मी, आणि तिच्या पुस्तकांचा आमच्याकडे एक गठ्ठा, कारण दरवेळी ती एक प्रत आणून द्यायची आणि मी ‘वाचते हं’ म्हणायचे.

सोसायटी रीडेव्हलपमेंटला जायचं ठरलं तेव्हा मी सेक्रेटरी होते. म्हणजे, बाकी कुणी व्हायला तयार नव्हतं म्हणून होते. सह्यांसाठी दारोदार फिरायची वेळ आली. एकाला कार्पेट एरिया कमी वाटे, एकाला पूर्वेचीच खिडकी हवी. मला वाटलं, आत्या तर अडूनच बसेल, एकटी बाई, सगळी हयात त्या घरात गेलेली. आत्याने सगळ्यांत आधी सही केली. चष्माही न लावता.

“वाचा तरी,” मी म्हटलं.

“वाचायचंय काय? सगळे जाणार ना? एकूणएक?”

“हो, सगळ्यांना घरं खाली करावी लागणार.”

“झकास,” आत्या म्हणाली.

ते झकास का होतं ते मला पुढे कळलं. ती तेव्हा एका ओसाड गावाची कादंबरी लिहीत होती. धरणापलीकडचं, डोंगराच्या कुशीतलं एक बऱ्यापैकी मोठं गाव. एका दुपारी तिथली सगळी माणसं निघून जातात. पोळ्या तव्यावरून उतरवलेल्या, गॅस बंद, अंगणं झाडलेली. दुसऱ्या दिवशी दूधवाला येतो तर एकाही दारात भांडं नाही. गावाला तिने नाव ठेवलं नव्हतं. नाव ठेवलं की तिथली माणसं परत येऊन भांडतात, असं तिचं म्हणणं. तिला लागत होतं फक्त एक खरंखुरं रिकामं गाव, आतून बघायला. आणि ते बिल्डर तिला घरपोच आणून देणार होता.

एकेक बिऱ्हाड हललं. टेम्पो लागत, पंखे उतरत, भिंतीवरच्या देवांच्या तसबिरींच्या जागी पांढरे चौकोन उरत. आम्ही भांडुपला भाड्याने गेलो. खोली बरी होती, पण बाबांनी तिथे कधी बूड टेकवलं नाही. ब्याऐंशी-त्र्याऐंशीचं वय, श्वास अपुरा पडायला लागलेला. रोज सकाळी उठले की पहिला प्रश्न, “पाडली का गो बिल्डिंग?” पाडली की बांधणार, बांधली की ताबा मिळणार, हा हिशोब त्यांनी मनाशी पक्का बांधलेला. आणि त्यापुढचा प्रश्न नसे, वाक्य असे: “माका माझ्या घरात मरूचा आसा. ह्या भाड्याच्या नाय.”

मी सांगायचे, पाडतील बाबा, या महिन्यात पाडतील. आणि पाडत नव्हते, कारण तळमजला रिकामा होत नव्हता. ठरलेली मुदत गेली, नंतरची गेली. आत्या हलायला तयार नाही. कोर्टकचेरी नाही, मागणी नाही, काही नाही. चेअरमन गेले तर चहा पाजला. बिल्डरचा माणूस गेला तर त्याला विचारलं, “तुमच्या गावचं घर बंद असतं का? चावी कोणाकडे असते?” तो तासभर आपल्या गावच्या घराबद्दल बोलला आणि डोळे पुसत बाहेर आला. मी फोन केला की एकच उत्तर, “अगं, येते ना. जरा माणसं का गेली ते कळू दे.”

अशात बिल्डिंगमध्ये भूत निघालं.

बिल्डरने नवा वॉचमन ठेवला होता, उत्तरेकडचा, अंगाने धिप्पाड. त्याने एक दिवस मला फोन केला. “मॅडम, ऊपर कोई औरत घूमती है. शाम को. बत्ती लेके.” मी म्हटलं, नीचे आत्या रहती हैं, वो होंगी. तो म्हणाला, वो बुढी? उसका तो घुटना नहीं चलता, पानी का कॅन भी मैं देता हूँ. हे खरं होतं. आत्याचे गुडघे दुखत. म्हणजे मीटिंगला वर गच्चीवर बोलावलं की दुखत, पाण्याचा कॅन उचलायचा असला की दुखत. एरवी विचारायची पद्धत नव्हती.

वॉचमन नोकरी सोडून गेला. मग समोरच्या रस्त्यावरून कुणी तरी रील काढलं. तिन्हीसांजेची वेळ, काळोखी बिल्डिंग, आणि तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत एक दिवा. मग शेजारच्या बाल्कनीत. मग दुसऱ्या मजल्यावर. मागे कसलं तरी कर्कश संगीत. हे रील मला घाटकोपरच्या मावसबहिणीने पाठवलं, “तुमची बिल्डिंग ना गं ही? वाट लागली!” संध्याकाळी पोरं मोबाइल उंच धरून फाटकाशी जमायला लागली. नव्या टॉवरमधले फ्लॅट बघायला येणारी माणसं गाडीतूनच परत जायला लागली. बिल्डरने कमिटीला निरोप दिला, काहीतरी पूजा, शांत वगैरे करून घ्या.

शांत झाली. अंगणात मांडव. यजमान म्हणून चेअरमन आणि त्यांची बायको. पण रिकाम्या सोसायटीत पाट कुठून आणणार, ताम्हन कुठून आणणार, पाणी कुठून? सगळं आत्याकडून. तिने समया घासून दिल्या, फुलं काढून दिली, गुरुजींना गूळपाणी दिलं आणि पुढे खुर्ची टाकून बसली. मध्येच तिने विचारलं, “गुरुजी, भूत जातं म्हणजे जातं कुठे?”

गुरुजी म्हणाले, “आपापल्या स्थानी.”

“बरंय. त्यांना तरी आहे,” आत्या म्हणाली आणि पुढच्या मंत्राला हात जोडले.

सगळे पांगल्यावर मी मागे राहिले, भाड्याने आणलेल्या खुर्च्या मोजून द्यायला. उन्हं कलली होती. जिन्यात पावलं वाजली. मी घाबरले नाही असं लिहायला आवडलं असतं. भिंतीला धरून वर गेले, तर दुसऱ्या मजल्यावर आमच्याच घराच्या बाल्कनीत आत्या वाकून उभी. एका हातात तेलाची बुधली, दुसऱ्या हातात काड्यापेटी. समोर आमची तुळस.

हे मी विसरलेच होते. भांडुपच्या घराला बाल्कनी नव्हती, खिडकीला ऊन नव्हतं. तुळस टाकवत नाही, आणि नेता येत नव्हती. म्हणून ठेवून आले होते, कोणीतरी बघेल म्हणून. आणि नुसती मीच नाही. जवळपास प्रत्येक बिऱ्हाडाने हेच केलं होतं. सामान नेलं, देव नेले, पंख्याचे हूकसुद्धा नेले आणि तुळशी एकमेकांच्या भरवशावर ठेवल्या. सगळ्यांचं ‘कोणीतरी’ म्हणजे आत्या. ती रोज संध्याकाळी तिसऱ्या मजल्यापासून खाली येत प्रत्येक कुंडीला पाणी घाली आणि पणती लावी. ज्या भुताची दुपारी शांत केली ते हे.

“मला सांगायचं नाही का?” मी ओरडले. “सगळं गाव घाबरलंय! आज मांडव घालून, गुरुजी आणून...”

“पूजा चांगली झाली गं. वाया कशाला घालवायची?”

मग माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण बाबांचं बोलले. म्हटलं, तुम्हाला गाव रिकामं हवंय, आणि तिथे एक म्हातारा माणूस रोज सकाळी विचारतोय पाडली का. बांधायला तीन वर्षं लागतात. तुमची कादंबरी व्हायची आणि त्यांचं घर राहायचं. ते त्या भाड्याच्या खोलीत गेले तर मी तुम्हाला कधी माफ करणार नाही.

आत्याने पणतीची वात नखाने पुढे सारली, आणि ती शेजारच्या घरात गेली, पुढच्या तुळशीकडे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भांडुपला आमच्या दारात. रिक्षातून आली होती, छत्री, पिशवी, सगळा जामानिमा. बाबा कॉटवर बसले होते. तिला बघून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. तिने खुर्ची ओढली. प्रकृती कशी आहे, औषध कोणाचं, असलं काही नाही.

“बिल्डर तीन वर्षं म्हणतोय,” ती म्हणाली. “थांबाल?”

मी हातातला पेला खाली ठेवला. असं कोणी विचारतं का माणसाला?

बाबांनी मान वळवली. मग म्हणाले, “तुम्ही उठलात तर थांबेन.”

“बरं,” आत्या म्हणाली. चहा न घेता गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन, “टेम्पो सांग. मोठा सांग, तुळशी आहेत.”

ती बोरिवलीला गेली, भाच्याने बघून दिलेल्या तळमजल्याच्या घरात. पुढे थोडं अंगण होतं म्हणून ते घेतलं. सगळ्यांच्या तुळशी तिथे. बाकी ते घर तिला सोसलं नाही. वर एक मोठं कुटुंब, समोर क्लास, मागे जिम. मी फोनवर विचारलं, कादंबरी कुठवर आली? “बंद केली,” ती म्हणाली. “इथे फार माणसं आहेत गं. माझं गाव भरून गेलं.” तिने ते अगदी सहज सांगितलं. पण मला माहीत होतं, आयुष्यभर पातळ कागदावर लिहिलेल्या या बाईला ही एक कादंबरी जाड कागदावर, कवटीशिवाय छापून हवी होती. बिल्डिंग पाडली तेव्हा बाबांना मी रिक्षाने बघायला नेलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला काही टाळ्या वाजवता आल्या नाहीत.

तिनाची चार वर्षं झाली. त्यात बाबा दोनदा हॉस्पिटलात जाऊन आले. डॉक्टर मला बाहेर बोलावून हळू आवाजात काही सांगत, आणि बाबा आत नर्सला सांगत, माझा ताबा बाकी आहे. ताबा मिळाला. आम्ही अकराव्या मजल्यावर, आत्या आमच्याच मजल्यावर तीन दारं सोडून. बाबांनी नव्या घरात सगळ्या भिंतींना हात लावून बघितला आणि खिडकीशी खुर्ची मांडून बसले. डॉक्टर घरी येऊन तपासून गेले आणि लिफ्टशी मला म्हणाले, दिवाळी निघाली तर नशीब समजा.

आत्या एक दिवस चार वाजता बाबांना भेटायला आली. बाबांनी विचारलं, “त्या पुस्तकाचं काय झालं, बाई? गावाचं?”

“राहिलं ते.”

“कशामुळे?”

“तुमच्यामुळे,” आत्या म्हणाली.

बाबांना तसं कोणी कधी बोललं नसेल. ते खुर्चीत जरा सरळ झाले आणि म्हणाले, “मग सांगा. ऐकतो.”

तेव्हापासून रोज चार वाजता ती यायची. चहा घ्यायची आणि गाव सांगायची. कागद नाही, काही नाही, तोंडीच. मी ऑफिसातून लवकर आले की स्वयंपाकघरातून ऐकायचे. ज्यांनी जन्मात तिचं पान उलटलं नव्हतं ते माझे बाबा तिला पोलिसासारखे प्रश्न विचारत. दूधवाला सायकलवरून आला की चालत? कुत्रे गेले की राहिले? विहिरीवर पोहरा कोणाचा होता? मध्येच डोळा लागायचा, आणि जाग आली की म्हणायचे, “मी जागा आसंय. पुढे बोला.” आत्या मागचं थोडं पुन्हा सांगून पुढे जायची. गावाचं एकेक घर ती उघडत होती. प्रत्येक घरात एखादी नवीच गोष्ट सापडे, आणि माणसं गेली कुठे याचं उत्तर आणखी पुढच्या घरात जाऊन बसे.

दिवाळी निघाली. संक्रांत निघाली. होळीला बाबांनी पुरणपोळी खाल्ली आणि आत्याला दटावलं, “किती घरां हत गो तुझ्या गावात? आता तरी सांग, खय गेली माणसां?” बाबा तिला अगंतुगं करतात हे मी पहिल्यांदा ऐकलं.

“उद्या,” आत्या म्हणाली.

उन्हाळ्यात एका दुपारी बाबा गेले. त्यांच्या घरात, त्यांच्या खुर्चीत, खिडकीशी. मला त्याचं फार समाधान आहे, हे मी कुणालाही सांगते.

तेराव्यानंतर माणसं पांगली. चार वाजता आत्या आली आणि सवयीने त्या खुर्चीसमोर बसली. मी गॅसवर चहा ठेवला. मी म्हटलं, “वाईट वाटतं आत्या. बिचाऱ्यांचा शेवट ऐकायचा राहिला. तुम्हाला सापडलाच नाही ना?”

“सापडला नाही काय!” आत्या म्हणाली. “कधीच सापडला होता. बोरिवलीला असतानाच.”

“मग सांगितला का नाही? रोज विचारत होते ते.”

“विचारत होते म्हणूनच,” ती रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाली. “शेवट ऐकायचा बाकी असला की माणूस थांबतो गं. मला वाटलं होतं, हा पावसाळा काढतील.”

बाबा गेल्यापासून मी माणसांच्या गडबडीत रडले नव्हते. तेव्हा रडले. आत्याने मला थोपटलं वगैरे नाही, तिला ते जमत नसे. ती उठली, गॅसवर चहा उतू जायला आला होता तो बंद केला, आणि पुन्हा समोर येऊन बसली.

गावातली माणसं कुठे गेली ते मी तिला विचारलं नाही. त्या दिवशी नाही, आणि ती होती तोवर कधीच नाही. विचारलं असतं तर एका वाक्यात सांगून मोकळी झाली असती. मला तिला मोकळं करायचं नव्हतं.